पोटरी धरली की थांबा, सुटली की चाला

पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाला द्यायचा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला ऐकायलाच उलटा वाटतो: चालल्यावर पाय दुखतो ना, मग चाला. गोळ्या, पथ्य, पायांची निगा हे सारे रुग्ण कमीजास्त ऐकून घेतो. हे एक वाक्य मात्र गळी उतरत नाही, आणि उतरलेच तर भलत्याच रूपात. खालचे प्रकरण या एका वाक्याचे आणि ते पोचवण्यासाठी केलेल्या एका व्हिडिओचे आहे. ठिकाण पश्चिम महाराष्ट्रातले तालुक्याचे गाव, एक छोटे रुग्णालय. व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांचे, सर्जन आठवड्यातून एकदा येतात. रोज असतो आम्ही, म्हणजे फिजिओथेरपी आणि मधुमेही पायांची ओपीडी. रुग्ण एकच दाखवला असला, तरी आमच्याकडे वारंवार येणाऱ्या काही जणांच्या हकिगती जोडून तो उभा केला आहे आणि त्याचे आकडेही तसेच, नमुन्याचे आहेत. अभ्यासांचे म्हणून दिलेले आकडे मात्र प्रसिद्ध झालेले आहेत.

तक्रार आणि तपासणी

त्यांना तात्या म्हणू. वय ६४, साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी करून निवृत्त. मधुमेह बरीच वर्षे, गोळ्यांवर. रक्तदाबाची एक गोळी. घरी दोन म्हशी. सकाळी दूध घालायला डेअरीवर जाणे हा त्यांचा नेम. तो नेमच मोडायला आला होता.

"निम्म्या वाटंत उजवी पोटरी गच्च हुती, दगडागत. खांबाला धरून जरा थांबलं की आपोआप सुटती. पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा धरती."

या तीन वाक्यांत निदान जवळजवळ होऊन जाते. ठरावीक अंतरावर दुखणे, नुसते उभे राहिले तरी काही मिनिटांत थांबणे आणि पुन्हा तेवढ्याच अंतरावर सुरू होणे ही रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण. कमरेच्या मणक्यात नस दबलेला माणूसही चालताना थांबतो; पण त्याला उभे राहून आराम पडत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते, आणि सायकल तो मजेत चालवतो. तात्यांना हा प्रश्न आधी कोणी विचारला नव्हता. वर्षभर गुडघ्याचे तेल, मालीश आणि कमरेचा एक एक्स-रे एवढे उपचार झाले होते.

पाय पाहिला तर नडगीवरचे केस गेलेले, अंगठ्याचे नख जाड, कातडी चकचकीत. जांघेत नाडी लागत होती. उजव्या घोट्यामागे आणि पावलावर लागत नव्हती. मग हात आणि घोटा यांच्या रक्तदाबाची तुलना. रुग्णाला दहा मिनिटे निजवून ठेवायचे, दोन्ही दंड आणि दोन्ही घोट्यांवर रक्तदाबाचा पट्टा बांधून पेनासारख्या हातातल्या डॉपलरने, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने, दाब मोजायचा आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. भागाकार १.०० ते १.४० असला तर ठीक, ०.९० किंवा त्याखाली आला तर अडथळा. तात्यांचा दंडाचा दाब १५०, उजव्या घोट्याचा ९६, डाव्याचा १३२. म्हणजे उजवा ०.६४, डावा ०.८८. (मधुमेह्यांत रक्तवाहिन्यांत चुना साचून त्या कडक होतात, मग भागाकार खोटाच चांगला किंवा १.४०च्या वर येतो. अशा वेळी अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो. तात्यांच्या बाबतीत ती वेळ आली नाही.)

या तपासणीत एक गोष्ट घडली, तिचा उपयोग पुढे झाला. डॉपलरचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू जातो. डाव्या पायावर तो जोमदार, ठोके सुटे सुटे. उजव्यावर प्रोब नेला तर दबका, लांबट, एकच सूर. तात्या उठून बसले. "ह्यो पाय का बोलत न्हाई?" रक्तवाहिनीचा नकाशा काढून दाखवला असता तर जे कळले नसते, ते त्यांना कानांनी कळले.

कलर डॉपलरमध्ये उजव्या मांडीतल्या रक्तवाहिनीत लांब अडथळा दिसला. सर्जनांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन आणि रक्त पातळ राखणारी गोळी सुरू केली. हृदयाची सोनोग्राफी करून, हृदय अशक्त नाही याची खात्री झाल्यावर चालण्याचे अंतर वाढवणारी सिलोस्टाझोल दिली. हार्ट फेल्युअर असलेल्याला ती देत नाहीत. आणि चिठ्ठीच्या तळाशी लिहिले: रोज चालणे.

मुलाचा प्रश्न अपेक्षित होता. "डॉक्टर, स्टेंट टाकून मोकळं होता येणार नाही का?" पाय वाचवण्याचा प्रश्न असेल तर अँजिओप्लास्टी किंवा बायपासला पर्याय नसतो. फक्त चालताना दुखत असेल तर घाई नसते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या क्लेव्हर अभ्यासात, कमरेच्या पातळीवरचे अडथळे असलेल्या रुग्णांत, देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम करणारे सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर स्टेंटवाल्यांपेक्षा जास्त वेळ चालू शकले. व्यायाम हा दुय्यम, गरिबाघरचा उपाय नाही, हे मुलाला सांगावे लागले, आणि त्याला ते पूर्ण पटले असे म्हणवत नाही.

पहिला व्हिडिओ आणि त्याचा परिणाम

आमच्याकडे तोवर एका औषध कंपनीने दिलेला व्हिडिओ दाखवत असत. नऊ-दहा मिनिटांचा, अ‍ॅनिमेशनचा, दिसायला देखणा. लालभडक नळी, तिच्या भिंतीला चिकटत जाणारा पिवळा थर, मग एक गुठळी येते आणि वाट बंद. पुढे काळे पडलेले बोट, कापलेला पाय. शेवटी बागेत हसत फिरणारे जोडपे आणि संतुलित आहार, नियमित व्यायाम, धूम्रपान टाळा. वैद्यकीय दृष्ट्या त्यात एकही वाक्य चूक नव्हते.

तात्यांना तो दाखवला. कळले का म्हटल्यावर "व्हय, समदं कळलं" म्हणाले. महिन्याने आले तेव्हा त्यांनी चालणे जवळजवळ सोडले होते. दूध घालायला सूनबाई जात होती. मुलगा त्यांना पारापर्यंतसुद्धा मोटरसायकलवर नेऊन सोडत होता. सूनबाईंनी सरळ सांगितले, "नस चोंदलीय म्हणल्यावर त्यांना कशाला चालवायचं? चालल्यावर रक्ताचा जोर वाढतो. फुटली बिटली तर?"

त्या व्हिडिओतून हाच अर्थ निघत होता. नळी अरुंद आहे, आतून रक्त ढकलले जाते आहे, थर तुटतो आहे, गुठळी सुटते आहे, हे डोळ्यांना दिसल्यावर समंजस माणूस काय करील? नळीवर ताण येऊ देणार नाही. "नियमित व्यायाम करा" हे वाक्य शेवटी कानांवर पडते, पण त्याआधी सात मिनिटे चित्राने उलटे पटवून दिलेले असते. त्यात बागेतल्या जोडप्यापैकी कोणाचाच पाय दुखत नाही, कोणी थांबत नाही. दुखेपर्यंत चालायचे आणि मग थांबायचे हे त्या व्हिडिओत कुठेच नव्हते.

घरच्यांच्या मायेचा भाग वेगळाच. पाय दुखतो म्हणून म्हाताऱ्या माणसाला उचलून न्यायचे, जागेवर आणून द्यायचे यात दोष काढता येत नाही. पण न चालल्याने पोटरीचा स्नायू झडतो आणि पुढच्या वेळी आणखी जवळ दुखू लागते. तात्यांना पहिल्या भेटीत डेअरीच्या वाटेवर दीडशे पावलांच्या आसपास पोटरी धरत असे. महिन्याभराच्या आरामानंतर ती शंभराच्या आतच धरू लागली.

दुखू देणे का गरजेचे

इथे थोडे विषयांतर करावे लागेल, कारण सल्ल्याचा सगळा भार याच मुद्द्यावर आहे. बेताबेताने, दुखणार नाही असे चालले तर चालणार नाही का? रुग्ण हमखास विचारतात, आणि बरेच डॉक्टरही "झेपेल तेवढे चाला" असेच लिहितात. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉ. मेरी मॅकडरमॉट यांच्या गटाने नेमके हेच तपासले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या लाइट अभ्यासात ३०५ रुग्ण होते, कालावधी १२ महिन्यांचा. पोटरी दुखेल इतक्या वेगाने घरच्या घरी चालणाऱ्यांचे सहा मिनिटांतले अंतर सरासरी ३४ मीटरने वाढले. दुखणार नाही अशा बेताने चालणाऱ्यांचे वाढले नाही, किंचित घटलेच.

म्हणजे दुखणे हा टाळायचा भाग नाही. मात्र ते सोसत राहणे हेही औषध नाही. आठवड्यातून किमान तीनदा, दर वेळी ३० ते ४५ मिनिटे, किमान १२ आठवडे. चालायचे, दुखणे बऱ्यापैकी वाढले की उभे राहायचे, पूर्ण थांबले की पुन्हा चालायचे. थांबलेला वेळही त्या ३०-४५ मिनिटांतच धरायचा. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे जमली तरी पुरे. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, मेडिकेअरने, २०१७ पासून १२ आठवड्यांत ३६ वेळा अशा देखरेखीखालच्या वर्गाचा खर्च उचलायला सुरुवात केली. आमच्याकडे असा वर्ग नाही. तेव्हा रस्त्यावर जे व्हायचे ते शिकवायला एक व्हिडिओ आणि आम्ही, एवढेच हाताशी.

नवा व्हिडिओ

नव्या व्हिडिओत अ‍ॅनिमेशन ठेवले नाही. आमच्याच एका जुन्या रुग्णाने लेखी संमती देऊन चालायचे कबूल केले. धोतर, टोपी, पायात बंद बूट, रुग्णालयामागचा डांबरी रस्ता, चित्रण मोबाईलवर. ते चालू लागतात. काही वेळाने पाऊल जड पडू लागते, चेहरा बदलतो. बाजूने सिस्टरचा आवाज विचारतो, "काका, आता किती दुखतंय?" ते म्हणतात, "लागलंय धरायला, पर चालतो अजून." आणखी थोडे जातात. "आता न्हाई जमत." विजेच्या खांबाला हात लावून उभे राहतात.

इथे आमच्यात वाद झाला. चित्रण करणारा इंटर्न हुशार होता. त्याने उभे राहण्याचा भाग कापून "थोड्या वेळाने" अशी पाटी टाकली होती. मी तो परत लावायला सांगितला. अडीच मिनिटे माणूस खांबाला धरून उभा आहे, बाजूने एक ट्रॅक्टर जातो, तो कोणाला तरी रामराम घालतो, बाकी काहीच घडत नाही. इंटर्नचे म्हणणे होते की एवढा वेळ कोणी बघणार नाही. माझे म्हणणे, व्हिडिओत शिकवण्यासारखे हेच आहे. घरी रुग्णाचा घोटाळा थांबण्यातच होतो. लाज वाटून कोणी थांबतच नाही, तर कोणी थांबला की तिथूनच घरी परततो. दुखणे किती वेळात ओसरते, तोवर उभे राहण्यात काही गैर नाही आणि नंतर पाय खरोखर पुन्हा चालतो, हे पाटीवर लिहून कळत नाही. ते पूर्ण अडीच मिनिटे पाहावेच लागते. शेवटी तो भाग राहिला. काका पोटरी चाचपतात, "सुटली" म्हणतात आणि चालू लागतात.

रक्तवाहिनीबद्दल त्यात फक्त तीन वाक्ये आहेत. पायाला रक्त कमी पोचते. चालताना स्नायूला जास्त लागते, म्हणून दुखते. या दुखण्याने नस फुटत नाही. या वाक्यांच्या मागे डॉपलरचे दोन आवाज लावले: आधी बऱ्या पायाचा, मग आजारी पायाचा. ज्या आवाजाने तात्या उठून बसले, तो इतरांनाही ऐकू यावा म्हणून.

कापलेल्या पायाचे चित्र काढले. सर्जन नाराज झाले. भीती घातल्याशिवाय माणूस तंबाखू सोडत नाही असा त्यांचा अनुभव. पण चालताना पोटरी दुखणाऱ्यांपैकी पाच वर्षांत मोठी शस्त्रक्रिया करून पाय काढावा लागणारे शंभरात एक ते तीनच असतात, तर हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन वाचणारे सुमारे वीस, आणि दगावणारे आणखी दहा-पंधरा किंवा अधिक, त्यांतले बहुतेक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्याच आजारांनी. भीती घालायचीच तर ती छातीची घालायला हवी, आणि तिच्यावरचा उपाय स्टॅटिन न चुकवणे हा आहे. काळ्या बोटाऐवजी आम्ही बोटांच्या बेचक्यातली लहानशी चीर दाखवली. कारण काळे बोट कोणीही ओळखतो. चिरेकडे मात्र "चिखल्या झाल्यात" म्हणून दुर्लक्ष होते.

पायांच्या निगेचा भागही घरात जे खरोखर चालते त्यावरच बेतला: गरम विटेचा शेक, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवणे, कुरूप ब्लेडने कापणे, उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा. रक्त कमी आणि संवेदनाही कमी अशा पायाला इजा व्हायला या चारांपैकी कोणतीही गोष्ट पुरते. शेजारच्या कोणाला व्हेरिकोज व्हेन्ससाठी दिलेले घट्ट मोजे आणून घालणारेही भेटतात. शिरांच्या त्या दुखण्याला दाब लागतो, इथे तो घातक ठरू शकतो. हे एक वाक्य सर्जनांनी आग्रहाने घालायला लावले, ते बरोबरच होते.

तंबाखूचे प्रकरण

पहिल्या व्हिडिओत सिगारेट विझवणारा हात होता. तात्या तो पाहून निवांत झाले होते. "विडी मी कवाच सोडली." आणि हे बोलताना डाव्या तळव्यावर चुना लावलेली तंबाखू मळत होते.

महाराष्ट्रासाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातल्या २०१६-१७च्या फेरीनुसार राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित, म्हणजे तोंडात धरणारे, चघळणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के. सिगारेट दाखवणारा व्हिडिओ इथल्या बहुतेक तंबाखूवाल्यांना आपल्याबद्दल वाटतच नाही. पायाच्या रक्तवाहिन्यांना विडी-सिगारेट जेवढी भक्कमपणे दोषी ठरली आहे, तेवढी चघळण्याची तंबाखू ठरलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते, नाडी आणि रक्तदाब चढवते, आणि तोंडाच्या कर्करोगाचे काय ते गावाला ठाऊकच असते. नव्या व्हिडिओत मळणारा तळवा, पुडी आणि मशेरीची डबी दाखवली. मशेरी मुद्दाम, कारण बायकांना हा आजार होत नाही असा समज आहे आणि मशेरीला कोणी तंबाखू म्हणत नाही. शेवटी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा नंबर मोठ्या अक्षरांत. तात्यांनी तिथे फोन केला नाही. पुडी मात्र दोन दिवसांवर गेली, असे सूनबाई म्हणाल्या; तात्या तीन दिवसांवर म्हणाले.

दाखवण्याची पद्धत

बाहेरच्या हॉलमधल्या टीव्हीवर व्हिडिओ लावून ठेवणे सोपे असते. तिथे पोरे रडत असतात, केसपेपरचे नंबर पुकारत असतात, आवाज बंद असतो. त्या टीव्हीकडे बघणाऱ्याला काय कळले हे कोणी विचारत नाही. डॉपलरआधी रुग्ण दहा मिनिटे निजलेला असतो, तेव्हा टॅब हातात द्यावा असेही सुचले होते. तेही टाळले, कारण त्या वेळी रुग्ण शांत पडलेला हवा; झटका, पक्षाघात ऐकून रक्तदाब हलला तर मोजणीचा भरवसा राहत नाही. म्हणून तपासणी झाल्यावर, स्वतःचा आकडा आणि स्वतःचा आवाज ऐकल्यावर, बाजूच्या खोलीत. आणि एकट्याला नाही. घरी ज्याच्या शब्दावर चालणे-न चालणे ठरते ते माणूस शेजारी बसवायचे. तात्यांच्या घरी ती सूनबाई होती.

व्हिडिओ संपल्यावर "समजलं का?" हा प्रश्न विचारायचा नाही. त्याचे उत्तर कायम हो असते. डॉक्टरला नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते. आम्ही तात्यांना विचारले, "आता डेअरीपर्यंत कसं जाणार, ते जरा कॉरिडॉरमध्ये दाखवा." ते तरातरा निघाले, पोटरी धरली तरी थांबेनात, दात आवळून चालत राहिले. पहिल्या व्हिडिओने त्यांना बसवले होते, दुसऱ्याने हट्टाला पेटवले. तोंडी विचारले असते तर त्यांनी धडा बिनचूक म्हणून दाखवला असता. थांबण्याचा भाग पुन्हा लावला. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, त्यो खांबाला धरतोय बघा. तसं करायचं." दुसऱ्या फेरीला ते थांबले.

पुढचे तीन महिने

सूनबाईंनी कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी एक आकडा लिहायला सुरुवात केली: आज डेअरीपर्यंत किती थांबे. दुधाचे लिटर वर, थांबे खाली. आमच्याकडच्या छापील नोंदवहीपेक्षा ही पद्धत टिकाऊ निघाली, कारण कॅलेंडरकडे घरातले सगळे रोज बघतात.

तरीही मध्ये गाडी अडलीच. पावसाची झड लागली, मग म्हैस व्यायली, थांब्यांची घरे रिकामी राहू लागली. फोन केला की तात्या "चालतोय की" म्हणत. मॅकडरमॉट यांच्याच गटाचे आधीचे दोन अभ्यास इथे आठवतात. २०१८च्या ऑनर अभ्यासात २०० रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांना पावले मोजणारे यंत्र आणि फोनवरून मार्गदर्शन दिले, पण नऊ महिन्यांनी चालण्याच्या अंतरात त्याचा फायदा दिसला नाही. २०१३च्या गोल्स अभ्यासात रुग्ण आठवड्यातून एकदा गटाने भेटत आणि बाकीचे दिवस घरी चालत. तिथे सहा महिन्यांत अंतर सरासरी ३५७ वरून सुमारे ४०० मीटरवर गेले. फोन आणि यंत्राला जमले नाही ते बरोबरच्या माणसांनी केले. म्हणून आम्ही बाजाराचा दिवस धरला. तालुक्याला येणाऱ्या अशाच तीन-चार रुग्णांना त्या दिवशी रुग्णालयाच्या आवारात एकत्र चालवायचे. तिथे कोण किती ठिकाणी थांबला यावर चेष्टामस्करी सुरू झाली आणि थांबण्याची लाज संपली.

तीन महिन्यांनी सहा मिनिटांचे अंतर २९० वरून ३३५ मीटर. डेअरीपर्यंतचे थांबे चारांवरून एकावर. उजव्या पायाचा भागाकार ०.६५, म्हणजे होता तिथेच. मुलगा कागद बघून हिरमुसला. आकडा हलला नाही यात नवल नाही. व्यायामाने अडथळा विरघळत नाही. स्नायू मिळते तेवढे रक्त जास्त काटकसरीने वापरायला शिकतो, रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर सुधारते, चाल बदलते. फायदा रस्त्यावर मोजायचा असतो, घोट्यावर नाही. ही गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी, नाहीतर चांगला चालू लागलेला माणूस कागद बघून चालणे सोडतो.

यातले व्हिडिओचे श्रेय किती? सांगता येत नाही, आणि सांगूही नये. सिलोस्टाझोलने स्वतंत्रपणे चालण्याचे अंतर वाढते. तंबाखू कमी झाली. बाजारच्या दिवसाची मंडळी होती, कॅलेंडर होते. एका रुग्णावरून हे वेगळे काढता येत नाही. व्हिडिओने एक काम नक्की केले: घरातले चालण्याला असलेले अडसर काढले. पहिल्या व्हिडिओने ते घातले होते, एवढे तरी दोन्ही भेटींच्या नोंदींवरून म्हणता येते.

व्हिडिओ गावात फिरला तेव्हा

सूनबाईंनी तो बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला कळायला मार्ग नाही. काही आठवड्यांनी शेजारच्या गावातले एक गृहस्थ आले. अंगठ्याला भोक पडलेले, रात्री पाय खाटेखाली सोडून बसल्याशिवाय झोप नाही. पाय खाली सोडल्यावर आराम पडणे ही रक्त फार कमी पडल्याची खूण आहे. आणि ते व्हिडिओ पाहून, दुखेपर्यंत, जखमेच्या पायावर चालत होते.

रात्रीचे दुखणे किंवा न भरणारी जखम असलेल्या पायाला हा सल्ला लागू नाही. तिथे जखमेवरचा भार काढायचा असतो आणि आठवड्याचीही वाट न बघता व्हॅस्क्युलर सर्जन गाठायचा असतो. पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर मोजणी तासांत असते. ओपीडीत आम्ही व्हिडिओ लावण्याआधी हे प्रश्न विचारतो. फॉरवर्ड झालेला व्हिडिओ कोणालाच काही विचारत नाही. म्हणून आता सुरुवातीला पंधरा सेकंद जोडली आहेत: पायाला जखम आहे का, रात्री दुखून जाग येते का, पाय एकाएकी गार पडलाय का, चालताना छातीत दुखते का. यातले एकही हो असेल तर चालू नका, आधी दाखवा. ही सेकंदे कापून पुढे पाठवता येऊ नयेत म्हणून तेच शब्द चालणाऱ्या काकांच्या चित्राखालीही शेवटपर्यंत ठेवले आहेत.

जखमवाल्यांसाठी वेगळा व्हिडिओ करावा का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. सर्जनांना तो हवा आहे. माझे मत असे की त्या रुग्णाला बघण्यासाठी काही देण्यापेक्षा एक फोन नंबर आणि शहरापर्यंतची गाडी द्यावी. पुढच्या महिन्यात यावर पुन्हा बसायचे आहे.